उपेक्षेचे दोन अर्थ

डॉक्टर औषध लिहून देतात. ते औषध आणायला पैसे कुठून येणार, शस्त्रक्रियेची तारीख मिळेपर्यंत गावाकडून आलेले नातेवाईक झोपणार कुठे, घरी गेल्यावर जखम कोण धुणार, पुढच्या तपासणीला रुग्ण परत आणायचा कोणी, हे प्रश्न चिठ्ठीवर नसतात. ते वैद्यकीय समाजसेवकाच्या टेबलावर येतात. पाश्चात्त्य देशांत आरोग्य आणि सामाजिक सेवांमध्ये हे काम करणाऱ्याला ‘केस मॅनेजर’ म्हणतात. महाराष्ट्राच्या सरकारी रुग्णालयांत त्यातला मोठा भाग ‘समाजसेवा अधीक्षक’ या पदाकडे येतो. वॉर्डात मात्र ‘सोशल वर्कर मॅडमना भेटा’ एवढेच सांगितले जाते.

कामाचा क्रम ठरलेला आहे. आधी रुग्णाची घरची, कामाची, पैशाची परिस्थिती समजून घ्यायची. मग त्याच्यासोबत बसून आराखडा करायचा. ज्या योजना, ट्रस्ट, निवारे, केंद्रे उपयोगाची असतील त्यांच्याशी त्याला जोडून द्यायचे, पाठपुरावा करायचा आणि गरज संपली की केस बंद करायची. पाठ्यपुस्तकांत याची तपशीलवार मांडणी सापडते. त्यामानाने ज्याला फार थोडी जागा मिळते तो प्रश्न वेगळा आहे. दिवसभर दुसऱ्यांचे दुःख ऐकणाऱ्या माणसाचे मन कसे असावे? प्रत्येक दुःख आपले मानले तर हा माणूस लवकरच मोडून पडेल. कोणतेच आपले मानले नाही तर तो अर्ज तपासणारा कारकून होईल. हा प्रश्न या व्यवसायापेक्षा कितीतरी जुना आहे. बौद्ध भिक्षूंनी, योगमार्गीयांनी, जैन आचार्यांनी त्यावर विचार केला. बौद्ध आणि योगपरंपरेने त्यासाठी वापरलेला शब्द मराठीत आजही रोज बोलला जातो, फक्त उलट्या अर्थाने. तो शब्द म्हणजे उपेक्षा.

व्यवसायाचा जन्मच दुहेरी हेतूतून झाला. १८९५ साली लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये मेरी स्ट्युअर्ट या बाईंची नेमणूक झाली तेव्हा त्यांचे मुख्य काम पारख करण्याचे होते: फुकट उपचार घ्यायला आलेल्यांपैकी खरा गरजू कोण आणि पैसे देऊ शकणारा कोण. पारख करायला बसलेल्या बाईला समोरच्या माणसाची सगळी हकीकत ऐकावी लागली, आणि ऐकल्यावर नुसते ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ लिहून भागेना. १९०५ मध्ये बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये डॉ. रिचर्ड कॅबट यांनी हे काम उपचाराचाच भाग म्हणून सुरू केले. मुंबईत १९३६ साली सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण देणारी शाळा निघाली, तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. १९४६ साली जे. जे. रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक झाली, ती देशातली पहिली मानली जाते. ‘केस मॅनेजमेंट’ हे नाव रूढ झाले ते पुढे अमेरिकेत. तिथे १९६३ च्या कायद्यानंतर मोठी मनोरुग्णालये रिकामी होऊ लागली. बाहेर पडलेल्या माणसाला घर एका कार्यालयातून, औषध दुसऱ्यातून, भत्ता तिसऱ्यातून मिळवावा लागे. या सगळ्यांची गाठ घालून देणारा एक माणूस लागला, आणि सत्तरच्या दशकात त्याचे स्वतंत्र काम तयार झाले.

पारख आणि माया हे दोन्ही हेतू आजही त्याच टेबलावर आहेत. सरकारी रुग्णालयात सकाळी दहाच्या सुमारास एखादी बाई प्लास्टिकची पिशवी घेऊन समोर बसते. पिशवीत केसपेपर, एमआरआयच्या फिल्मचे मोठे पाकीट, घड्यांवर फाटलेले रेशनकार्ड. नवऱ्याच्या मेंदूत गाठ निघाली आहे हे ती सांगत असते. त्याच वेळी टेबलामागच्या व्यक्तीला बघायचे असते की कार्ड ऑनलाइन झाले आहे का, रुग्णाचे नाव त्यावर आहे की भावाच्या कार्डातून वेगळे काढताना राहून गेले, आधारवरचे आडनाव आणि कार्डावरचे आडनाव एकच आहे का. यातले एक जुळले नाही तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा अर्ज अडेल आणि शस्त्रक्रियेची तारीख पुढे जाईल. डोळे कागदावर आणि कान बाईच्या बोलण्याकडे, अशी ही बैठक असते. बाईला रडू आवरत नाही, आणि पाठीमागे बाकावर आणखी अकरा जण बसलेले असतात.

समाजकार्याच्या शिक्षणात या प्रसंगासाठी दिले जाणारे उत्तर फेलिक्स बीस्टेक या जेझुइट धर्मगुरूने मांडलेले आहे. १९५७ च्या आपल्या पुस्तकात त्याने समाजसेवक आणि मदत घेणारा यांच्या नात्याची सात तत्त्वे सांगितली. माणसाला जसा आहे तसा स्वीकारणे, त्याच्यावर दोषारोप न करणे, त्याचे निर्णय त्याला घेऊ देणे, त्याची गुप्तता राखणे ही त्यांतली काही. सर्वांत अवघड तत्त्व भावनेचे आहे. समाजसेवकाने समोरच्याच्या भावनेत सहभागी व्हावे, पण तो सहभाग आवरलेला, हेतूशी बांधलेला असावा. विद्यार्थी हे वाक्य परीक्षेत बिनचूक लिहितात. सहभाग आवरायचा म्हणजे मनात नेमके काय करायचे, याचे वर्णन मात्र त्यात नाही. ते वर्णन दुसरीकडे आहे.

बौद्ध परंपरेत मनाच्या चार उदात्त अवस्था सांगितल्या आहेत, त्यांना ब्रह्मविहार म्हणतात: मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा. मैत्री म्हणजे सर्वांचे भले व्हावे ही इच्छा, करुणा म्हणजे दुःख दूर व्हावे ही ओढ, मुदिता म्हणजे दुसऱ्याच्या सुखाने होणारा आनंद. चौथी अवस्था शेवटी ठेवली आहे, कारण पहिल्या तिन्ही पक्क्या झाल्यावरच ती साधते असे मानले जाते. मराठी वाचकाला इथे अडखळायला होते. मराठीत उपेक्षा म्हणजे दुर्लक्ष, हेळसांड, आणि उपेक्षित म्हणजे ज्याच्याकडे कोणी पाहिले नाही तो. शब्दाची घडण पाहिली तर ‘उप’ म्हणजे जवळ आणि ‘ईक्ष्’ म्हणजे पाहणे. जवळून पाहत राहायचे, पण वाहून जायचे नाही. पाहत राहण्यातून हात न घालणे आणि हात न घालण्यातून दुर्लक्ष करणे, असा अर्थ संस्कृतातच सरकत गेला. मराठीत तो शेवटचा अर्थ तेवढा उरला. एका शब्दाची ही घसरण आणि रुग्णालयातल्या माणसाच्या मनाची घसरण यांची वाट एकच आहे, म्हणून ती जपून पाहण्यासारखी आहे.

पाचव्या शतकात श्रीलंकेतल्या अनुराधपूरच्या महाविहारात बुद्धघोषाने ‘विसुद्धिमग्ग’ लिहिला. त्यात त्याने प्रत्येक ब्रह्मविहाराचे दोन शत्रू सांगितले आहेत, एक दूरचा आणि एक जवळचा. दूरचा शत्रू उघड विरोधी असतो, म्हणून ओळखू येतो. करुणेचा दूरचा शत्रू क्रौर्य. जवळचा शत्रू त्या गुणासारखाच दिसतो आणि त्याच्या कपड्यांत घरात शिरतो. करुणेचा जवळचा शत्रू शोक. उपेक्षेचे दूरचे शत्रू आसक्ती आणि द्वेष. जवळचा शत्रू अज्ञानातली उदासीनता, म्हणजे काही दिसतच नसल्यामुळे आलेली शांतता.

या मांडणीची अचूकता रुग्णालयात समजते. नवा समाजसेवक बहुतेक वेळा शोकाला करुणा समजतो. लहान मुलाच्या आईबरोबर त्यालाही रडू येते, रात्री झोप लागत नाही, आणि आपण चांगले काम करतो आहोत याचा तो पुरावा वाटतो. त्या आईला मात्र दुसऱ्या दिवशी रक्तदात्यांची यादी हवी असते. काही वर्षांनी तोच माणूस दुसऱ्या टोकाला जातो. आता त्याला त्रास होत नाही. सहकारी म्हणतात, अनुभवाने पक्का झाला. तो समोरच्याचे वाक्य पूर्ण होण्याआधीच अर्जाचा रकाना भरतो. ही बुद्धघोषाने सांगितलेली जवळच्या शत्रूची शांतता आहे, आणि ती उपेक्षेच्या मराठी अर्थाने उपेक्षा आहे. दोन्ही स्थितींत समोरचा माणूस दिसेनासा होतो: पहिलीत स्वतःच्या अश्रूंमुळे, दुसरीत सवयीमुळे.

अलीकडे मेंदूविज्ञानानेही पहिल्या गोंधळाकडे लक्ष वेधले आहे. जर्मनीतल्या संशोधक तानिया सिंगर यांनी मातियू रिकार या बौद्ध भिक्षूच्या साहाय्याने केलेल्या अभ्यासांत दुसऱ्याचे दुःख आपल्यात भोगणे आणि त्याच्या भल्याची इच्छा धरणे या दोन वेगळ्या अवस्था असल्याचे दिसले. पहिलीचा सराव माणसाला थकवतो, दुसरीचा उभारी देतो.

बुद्धघोषाने या चारही वृत्तींसाठी दिलेला दाखला घरगुती आहे. एका आईला चार मुलगे. एक तान्हा, एक आजारी, एक ऐन तारुण्यातला, एक आपल्या कामधंद्यात रमलेला. तान्ह्याने वाढावे असे तिला वाटते, आजाऱ्याने बरे व्हावे असे वाटते, तरुणाचे सुख टिकावे असे वाटते, आणि जो आपल्या कामाला लागला आहे त्याची ती काळजी करत बसत नाही. या चौथ्या मुलाशी आईचे जे नाते आहे ती उपेक्षा. तिचे त्याच्यावरचे प्रेम आटलेले नाही. त्याचे आयुष्य त्याच्या हातात आहे एवढे तिने ओळखले आहे. केस बंद करणे म्हणजे रुग्णाला चौथा मुलगा मानणे. हे फार थोड्यांना जमते. काही समाजसेवक बऱ्या झालेल्या माणसालाही आजारी मुलगाच समजत राहतात, त्याच्या वतीने फोन करतात, त्याच्या वतीने ठरवतात. काही जण अजून आजारी असलेल्यालाच चौथा मुलगा ठरवून मोकळे होतात.

उपेक्षा नेमकी कोणाविषयी ठेवायची, याबाबत भारतीय परंपरांत एकमत नाही, आणि हा भेद महत्त्वाचा आहे. पतंजलीच्या योगसूत्रांत हेच चार शब्द येतात, पण प्रत्येकाला वेगळा माणूस वाटून दिला आहे: सुखी माणसाविषयी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, पुण्यवानाविषयी मुदिता आणि पापी माणसाविषयी उपेक्षा. जैन परंपरेत उमास्वातीच्या तत्त्वार्थसूत्रात चौथ्या जागी माध्यस्थ्य आहे, आणि ते शिकवूनही न शिकणाऱ्याविषयी ठेवायचे आहे. साधकाने दुष्टाच्या संगतीत मन बिघडवून घेऊ नये, हा त्यामागचा हेतू साधकाच्या दृष्टीने योग्यच आहे. रुग्णालयात मात्र ही वाटणी चालत नाही. दारू पिऊन यकृत खराब झालेला माणूस तिसऱ्यांदा भरती होतो तेव्हा वॉर्डात सगळ्यांनी त्याला ‘पापी’ किंवा ‘न शिकणारा’ या रकान्यात टाकलेलेच असते. समाजसेवकानेही तेच केले तर त्याच्याकडे जवळून पाहणारा कोणी उरत नाही. बौद्ध मांडणीत उपेक्षा सर्वांविषयी सारखीच ठेवायची असते, आणि सेवेच्या कामाला तीच मांडणी लागू पडते.

महाराष्ट्रात या शब्दाला नवा उजाळा मिळाला तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांमुळे. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ हा त्यांचा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, १९५७ साली प्रसिद्ध झाला. त्यात उपेक्षेचा अर्थ देताना त्यांनी अलिप्तता आणि बेपर्वाई यांत स्पष्ट रेघ ओढली: फळाने विचलित व्हायचे नाही, आणि तरीही त्यासाठी झटत राहायचे. झटत राहण्याची ही अट फार मोलाची आहे. जो झटत नाही त्याच्या शांतपणाला उपेक्षा हे नाव या व्याख्येत मिळत नाही.

अट मोलाची असण्याचे आणखी एक कारण आहे. जुन्या ध्यानपद्धतीत उपेक्षा वाढवण्यासाठी जो विचार घोळवायचा असतो तो असा, की प्रत्येक प्राणी आपापल्या कर्माचा धनी आहे. भिक्षूच्या ध्यानात हा विचार आसक्ती सैल करतो. गरिबांच्या दवाखान्यात तोच विचार घातक होऊ शकतो. ‘त्याचं नशीब’ हे शब्द एकदा तोंडात बसले की मुदत संपलेला उत्पन्नाचा दाखला, गावात नसलेले आरोग्य केंद्र, मालकाने न दिलेली मजुरी हे सगळे त्या शब्दांखाली झाकले जाते. गरिबी आणि जात यांना मागल्या जन्मीच्या कर्माचे फळ ठरवणारी शिकवण आंबेडकरांनी याच ग्रंथात नाकारली. त्यामुळे या विचाराचा अर्धाच भाग घेण्याजोगा आहे. माणूस आपल्या निर्णयांचा धनी आहे, हे खरे. तो आपल्या दारिद्र्याचाही धनी आहे, हे खोटे.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजुराचा प्रसंग घेतला तर हा फरक नीट कळतो. क्षयरोगाचे निदान होते आणि औषधोपचार किमान सहा महिन्यांचा असतो. दिवाळीच्या सुमारास टोळ्या कारखान्यांकडे निघतात, आणि मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते. तो म्हणतो, मला जावेच लागेल. शोकात बुडालेला समाजसेवक त्याला थांबवण्यासाठी धाक घालतो, विनवण्या करतो, बायकोला मध्ये घालतो. उदासीन समाजसेवक ‘सल्ला न मानता गेला’ अशी नोंद करतो. उपेक्षा साधलेला समाजसेवक उचल किती, टोळी कोणत्या कारखान्याला जाणार, फड कोणत्या गावाजवळ पडणार, हे विचारतो. क्षयरुग्णाची नोंद निक्षय या सरकारी प्रणालीत असते, ती दुसऱ्या जिल्ह्याकडे वर्ग करता येते, आणि तिथल्या आरोग्य केंद्रातून तीच औषधे मोफत मिळतात. मजूर जातो. तिथे तो गोळ्या घेईल की नाही, हे समाजसेवकाच्या हातात नाही. तिथल्या केंद्राला फोन करणे हातात आहे. निर्णय मजुराचा राहिला आणि झटणे समाजसेवकाकडे राहिले.

उपेक्षेचा आणखी एक अर्थ पारखीच्या जुन्या कामाशी जोडलेला आहे: समदृष्टी. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली घालून दिलेल्या योजनेनुसार त्यासाठी एकूण बिलांच्या २ टक्के रकमेचा निधीही बाजूला काढायचा असतो. खाटा मोजक्या आणि रुग्ण अनेक. इथे नुसती करुणा अन्याय करते, कारण करुणेला समोर दिसणारा माणूस आधी दिसतो. मोठ्याने रडणारी आई, नगरसेवकाचे पत्र आणणारा भाऊ, फोटोत गोड दिसणारे मूल यांच्याकडे मन ओढले जाते. कोपऱ्यात गप्प बसलेली, मराठी किंवा हिंदी धड न बोलता येणारी आदिवासी म्हातारी मागे राहते. तिची बाजू घेणारी भावना त्या क्षणी कोणाच्याच मनात उसळत नाही. तिला उपयोगी पडते ती शांत नजर, जी बाकावरच्या बाराही जणांवरून सारखीच फिरते आणि विचारते, आज खाट न मिळाल्याने सर्वांत जास्त नुकसान कोणाचे? करुणा काम सुरू करते. तिला न्याय्य ठेवते ती उपेक्षा. या लेखाचा मुख्य आग्रह हाच आहे.

मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात दोन्ही अर्थ समोरासमोर येतात. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. बरे होऊनही घरी न्यायला कोणी येत नाही अशी माणसे अशा संस्थांत वर्षानुवर्षे राहत आली आहेत. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम १९ नुसार केवळ कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही किंवा घर नाही एवढ्या कारणासाठी कोणालाही संस्थेत ठेवता येत नाही. कायद्याने उपेक्षितांचा हक्क मान्य केला. घर शोधण्याचे काम मात्र कोणीतरी बसून करावे लागते. पत्ता विचारून चालत नाही, कारण तो आठवत नसतो. मग बाजार कोणत्या वारी भरतो, नदी ओलांडून जावे लागते का, शेतात भात की ज्वारी, देवीची जत्रा कधी, एसटी कुठे थांबते, असे विचारत जायचे. रुग्ण एखाद्या दिवशी काहीच बोलत नाही, एखाद्या दिवशी चुकीचे सांगतो. अचानक एखादे नाव निघते, आणि त्या नावाची तीन गावे तीन राज्यांत सापडतात. तिन्ही ठाण्यांत फोन लावायचे. रस्त्यावरच्या मनोरुग्णांना बरे करून घरी पोहोचवण्याचे हे काम कर्जतच्या श्रद्धा पुनर्वसन केंद्राने चिकाटीने केले, आणि त्यासाठी डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. अशा कामात यशाची घाई झालेला माणूस टिकत नाही, आणि बेपर्वा माणूस दुसरा प्रश्नच विचारत नाही.

या गुणाची मागणी कोणाकडून करायची, यालाही मर्यादा आहे. बुद्धघोषाचा वाचक विहारात राहणारा भिक्षू होता. त्याच्यासमोर बाकावर बारा जण बसलेले नव्हते. एका माणसाकडे शेकडो फायली दिल्या, शेजारचे पद रिकामे ठेवले आणि मग त्याचे मन कोरडे पडले म्हणून त्याला दोष दिला, तर तो दोष चुकीच्या ठिकाणी जातो. जवळून पाहायला वेळ लागतो. वेळ दिला नाही तर कितीही साधना केलेल्या माणसाची उपेक्षा मराठी अर्थाचीच होईल. पदे भरणे ही संस्थेची आणि सरकारची जबाबदारी आहे, आणि ती कर्मचाऱ्यांना तणावमुक्तीची शिबिरे देऊन पार पडत नाही.

दोन अर्थांतला फरक बाहेरून ओळखण्याची खूण साधी आहे आणि ती फाइलच्या शेवटच्या पानावर असते. रुग्ण घरी गेला की तारीख टाकून केस बंद झाल्याची नोंद होते. जिथे काम नीट चालते तिथे त्या नोंदीच्या खाली आणखी एक तारीख असते, महिन्यानंतरच्या फोनची. फोन उचलला गेला नाही, तर फाइल पुन्हा उघडली जाते.